गोडी गव्हाणीत, मजुरी काट्यावर



हिवाळ्यात रात्री सांगली-कोल्हापूर रस्त्यानं गेला असाल, तर उसाच्या ट्रॅक्टरमागं तुम्ही नक्की अडकला असाल. दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी उसाची टोकं आणि मागे लाल कापडाचा तुकडा. ओव्हरटेक मिळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. त्या वेळात एका प्रश्नाचा विचार करून बघा. या ट्रॉलीतल्या उसातून कुणाकुणाला पैसे मिळणार आहेत, आणि ते कशाच्या मापानं?

ऊस तोडणाऱ्याला टनावर, वाहतूकदाराला टनावर (अंतर धरून), मुकादमाला तोडणीच्या बिलावर कमिशन, म्हणजे पुन्हा टनावरच. शेतकऱ्यालाही टनावर. आणि कारखाना काय विकतो? साखर. म्हणजे ज्या वस्तूवर सगळ्यांचं पोट आहे, ती थेट मोजून या साखळीत कुणालाच पैसे मिळत नाहीत.

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी सांगतो, 'प्रोत्साहनांचं अर्थशास्त्र'. त्यावर समोरचा गप्प होतो. मग मी हे ट्रॉलीचं उदाहरण देतो. माणूस कामात जीव ओततो तो कशासाठी, आणि संस्थेनं पैसे कशावर द्यावेत म्हणजे काम नीट होईल, हा आमच्या विषयाचा गाभा. तो शिकायला मोठ्या कंपन्यांची उदाहरणं घ्यायलाच हवीत असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाचा शंभर वर्षांचा इतिहास पुरतो.

आधी गुऱ्हाळ होतं

कारखाने यायच्या आधी इथला ऊस गुळासाठीच होता. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ तिथून देशभर जायला लागला. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. चरकातून रस काहिलीत, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, भेंडीच्या चिकानं मळी वर काढायची आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्यानं ठरवायचं. एका वेळी काहिलीत शिजतं ते एक आदण. गुऱ्हाळावरच्या माणसांची मजुरीही बहुधा आदणावरच.

अर्थशास्त्राच्या नजरेनं इथली महत्त्वाची गोष्ट अशी की शेतकऱ्याच्या उसाचं आदण वेगळं निघायचं. त्याचे रवे वेगळे, बाजारात त्याचा सौदा वेगळा. ऊस कच्चा तोडला, वाढ्याकडचा पाणचट भाग आत घेतला किंवा तोडून दोन दिवस बांधावर पडू दिला, तर गूळ नीट बसायचा नाही आणि त्याचा दर त्याच आठवड्यात त्याच माणसाला खायचा. गोडीची जबाबदारी आणि गोडीचा पैसा एकाच घरात होता. बांधावर उभं राहून 'बुडख्याला लागून तोड' म्हणणारा माणूस स्वतःच्या पैशासाठी ओरडत होता.

म्हणून गुऱ्हाळाचा काळ फार छान होता असं मला म्हणायचं नाही. सौद्यात गुळाचा दर रंगावर ठरायचा. पिवळाधमक रव्याला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर रंग उजळायला हायड्रॉस घालायची सवय लागली. बाजारानं रंग मोजला, बाजाराला रंग मिळाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारखाना आला आणि ऊस मिसळला

1932 मध्ये इंग्रज सरकारनं देशातल्या साखर उद्योगाला आयात साखरेपासून संरक्षण दिलं आणि देशभर कारखाने उभे राहायला लागले. कोल्हापुरात त्याच दशकात कसबा बावड्याला खासगी साखर कारखाना सुरू झाला. पुढे 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना चालू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम पाहून आपल्याकडेही तात्यासाहेब कोरे यांचा वारणा आणि रत्नाप्पा कुंभार यांचा पंचगंगा असे कारखाने उभे राहिले. राधानगरीचं पाणी आणि नदीवरचे कोल्हापुरी बंधारे होतेच. ऊस वाढत गेला.

पण गुऱ्हाळ आणि कारखाना यांत एक मूलभूत फरक आहे. कारखान्याच्या गव्हाणीत शेकडो शेतकऱ्यांचा ऊस एकत्र पडतो. एकदा तो आत गेला की कुणाचा गोड आणि कुणाचा पाणचट, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. सगळ्यांचा मिळून एकच साखर उतारा निघतो आणि दर त्या सरासरीवर ठरतो.

हे किती मोठं आहे ते एका हिशेबानं बघू. केंद्र सरकारनं 2025-26 च्या हंगामासाठी ठरवलेली एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये आहे. उतारा वर गेला तर प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागं 34 रुपये 60 पैसे जादा. आता समजा, एका कारखान्याचं गाळप 10 लाख टन आहे आणि तुमचा ऊस 100 टन. तुम्ही चांगलं बेणं आणलं, खत वेळेवर दिलं, पक्व झाल्यावरच तोड घेतली आणि तुमच्या उसाचा उतारा पूर्ण एक टक्क्यानं वाढवला. म्हणजे तुमच्या रानातून एक टन साखर जादा निघाली. केंद्रानं 2019 मध्ये ठरवलेल्या किलोला 31 रुपये या किमान विक्री दरानंही ती 31 हजारांची होते.

तुम्हाला त्यातले किती मिळाले? कारखान्याचा सरासरी उतारा 0.0001 टक्क्यानं वाढला. टनाला साडेतीन पैसे. तुमच्या 100 टनांना मिळून साडेतीन रुपयेसुद्धा पुरते नाहीत. बाकीचं सगळं, बाकी सगळ्यांना वाटलं गेलं.

आता सांगा, शेतकरी गोडीमागं धावेल की वजनामागं? कोल्हापूरचा उतारा राज्यात कायम वरचा राहिला त्याचं श्रेय माती, पाणी आणि हवेला बरंच द्यावं लागेल. दर ठरवायच्या पद्धतीला द्यावं असं त्यात फारसं काही नाही.

टनावर मजुरी का?

कारखान्याची दुसरी अडचण वेळेची. तोडलेला ऊस तासागणिक वजनाला आणि साखरेला घटतो, म्हणून साधारण एका दिवसात गाळला पाहिजे. शिवाय बॉयलर एकदा पेटला की हंगामभर थांबवायचा नसतो. प्रत्येक शेतकऱ्यानं आपापल्या सवडीनं ऊस तोडून आणला, तर एक दिवस गेटवर रांगा आणि दुसऱ्या दिवशी गव्हाण रिकामी. म्हणून महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कारखान्यानंच हातात घेतली. त्यासाठी टोळ्या आल्या. काही जिल्ह्यातल्याच डोंगरी भागातून, पण मोठा लोंढा बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून.

एक शेती अधिकारी दहा-वीस गावांत विखुरलेल्या शेकडो मजुरांवर लक्ष कसं ठेवणार? रोजंदारी दिली तर फडात काय चाललंय ते त्याला दिसणार नाही. पण काटा दिसतो. म्हणून मजुरी टनावर.

ही युक्ती कामाचा वेग वाढवते, याला भक्कम पुरावा आहे. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञानं 2000 मध्ये अमेरिकेतल्या सेफलाइट कंपनीचा अभ्यास छापला. तिथं गाडीच्या काचा बसवणाऱ्या कामगारांना तासाऐवजी नगावर पैसे द्यायला लागल्यावर माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलं. त्यातली जवळपास निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळं झाली. उरलेली बरीचशी भराभर काम करणारी माणसं टिकल्यामुळं आणि नवी आल्यामुळं. ब्रिटनमधल्या फळमळ्यावर बांदिएरा, बारांके आणि रसूल या तिघांनी केलेला अभ्यासही (2005) असाच. मजुरी इतरांच्या तुलनेत ठरत होती तोवर माणसं हात राखून काम करत होती, कारण आपण जोर केला तर शेजारच्या मित्राचा दर पडतो. सरळ वजनावर पैसे दिल्यावर तोडणी निदान निम्म्यानं वाढली.

मग आपल्याकडं अडलं कुठं?

काट्याला न दिसणारी कामं

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी 1991 मध्ये एक साधी पण खोल गोष्ट मांडली. एकाच माणसाकडं अनेक कामं असतील आणि त्यातलं एकच मोजता येत असेल, तर मोजलेल्या कामावर जितके घट्ट पैसे लावाल तितकी बाकीची कामं वाऱ्यावर जातील. गुळाच्या रंगाची गोष्ट आठवली ना?

ऊसतोडीत हे डोळ्यांनी दिसतं. पक्व उसात बुडख्याकडं साखर जास्त, शेंड्याकडं कमी. जमिनीला लागून तोडलं तर साखर मिळते आणि खोडवाही चांगला फुटतो. पण त्यासाठी प्रत्येक उसाला पूर्ण वाकावं लागतं. दिवसभरात हजारो वेळा. दोन बोटं वरून तोडलं तर कंबर वाचते आणि काट्यावर फारसा फरक पडत नाही. पाचट नीट सोललं नाही तर वेळ वाचतो, वर मोळीचं वजनही भरतं. शेंड्याचं हिरवं वाढं तोडणाऱ्यांकडंच राहतं. बैलांना घालायचं किंवा गावात विकायचं. त्यामुळं शेंडा कुठं छाटायचा, यातही त्यांचा स्वतःचा हिशेब असतो. आणि फडाला आग लागली असेल तर पाचट जळून जातं, तोड झपाट्यानं होते. शेतकऱ्याच्या बिलातून मात्र जळीत उसाची कपात होते.

हे वाचून 'मजूर कामचुकार' असा निष्कर्ष काढू नका. शेतकऱ्यालाही वजनच हवंय आणि वाहतूकदारालाही. गोडीसाठी वाकायचे पैसे कुणीच देत नाही, आणि त्या वाकण्याची अपेक्षा मात्र साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाकडून.

एक शब्द, दोन दिशा

आता माझ्या संशोधनातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. कोल्हापुरात 'उचल' हा शब्द दोन अर्थांनी चालतो.

शेतकऱ्याची 'पहिली उचल' म्हणजे ऊस गेल्यावर कारखान्यानं द्यायचा पहिला हप्ता. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी जो आकडा गाजतो तो हा. रस्ते अडतात, वाहनांची हवा सोडली जाते. इथं देणेकरी कारखाना असतो.

मजुराची उचल म्हणजे हंगामाआधी, पावसाळ्यात घर रिकामं असताना, मुकादमाकडून घेतलेली रक्कम. इथं देणेकरी मजूर. शब्द तोच, पण एकजण त्या शब्दावर आंदोलन करतो आणि दुसरा त्याच शब्दानं बांधला जातो.

अर्थशास्त्रज्ञ विचारतो, टनावरची मजुरी असताना उचल कशाला हवी? कारण दोन प्रश्न वेगळे आहेत. टनाचा दर माणसाला जोरात काम करायला लावतो, पण जानेवारीत तो फडावर असेलच याची हमी देत नाही. ऐन हंगामात शेजारच्या कारखान्यानं चार पैसे जास्त दिले आणि टोळी निघून गेली, तर गव्हाण बंद पडेल. उचल हा त्यावरचा बांध. तो दोन्ही बाजूंनी फुटतो, हेही सांगायला हवं. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून कर्जात बुडालेले वाहतूकदार याच जिल्ह्यात गावोगाव भेटतील.

आता हिशेब बघा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण 366 रुपयांवर आला. इथं मजूर 'कोयत्यानं' मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. समजा जोडीनं एक लाख उचल घेतली आणि रोज दोन टन तोडले. एक लाख फिटायला 273 टन लागतात, म्हणजे सुमारे 137 दिवस. एकही खाडा न करता. आणि या काळातल्या खर्चीचे, म्हणजे पोटापाण्यासाठी उचललेल्या पैशांचे, वेगळेच. अलीकडं अनेक कारखान्यांचा हंगाम चार महिनेही चालत नाही. मग उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. बंधबिगारीवर बंदी आणणारा कायदा 1976 चा आहे. ही माणसं बांधलेली आहेत की करारानं आलेली, याचं उत्तर कागदावर एक मिळतं आणि कोपीत बसून ऐकलं तर दुसरं.

आणि 'कोयता' हे माप काय लपवतं तेही बघा. तोडणं, मोळी बांधणं, डोक्यावरून गाडीत चढवणं, शिवाय पहाटे भाकरी आणि रात्री पोरं, हे सगळं त्या एका कोयत्याच्या आकड्यात येतं. उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बाई आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याची कपात. पाळीचे दिवस, बाळंतपण, पाठीचं दुखणं, काट्याच्या हिशेबात यातलं काहीच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा सरकारनं 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या सर्वेक्षणात 82 हजारांहून अधिक बायकांची माहिती घेतली गेली आणि 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. यामागं दवाखान्यांचा धंदा, लहान वयातली लग्नं, गरिबी अशी अनेक कारणं आहेत. सगळं टनाच्या दरावर ढकलणं चूक ठरेल. पण ज्या पद्धतीत शरीराचा एक दिवस बंद राहणं म्हणजे थेट कर्ज वाढणं, तिथं शरीराबद्दलचे निर्णय कसे होतात, हे कळायला फार मोठा सिद्धांत लागत नाही.

खुशाली: न लिहिलेला करार

पद्धतीत जी फट राहते ती माणसं आपापल्या परीनं बुजवतात. कारखान्याकडं लागणीच्या तारखेनुसार क्रमपाळी असते. चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, मग टोळी येते. पण शेतकऱ्याला घाई असते. मार्च उजाडला की वजनात घट आणि खोडव्याला उशीर. म्हणून टोळीला 'खुशाली' आणि ड्रायव्हरला 'एंट्री'. कुठल्याही करारात हे शब्द नाहीत, पण प्रत्येक शेतकऱ्याला त्यांचा चालू भाव पाठ असतो.

शेतकरी याला लूट म्हणतो आणि त्याचं चूक नाही. पण दुसऱ्या बाजूनं बघा. सगळा हंगाम कुणाच्या तरी देण्यात असलेल्या टोळीच्या हातात एवढे एकच दिवस सौदा करायची ताकद येते. त्यात ती शेतकऱ्याकडून वसूल करते, कारण कारखान्याकडून करता येत नाही.

मग मोजता येतच नाही का?

येतं. याच शेतकऱ्याच्या दारात पुरावा आहे. 1963 मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, सुरू झालं. गावच्या डेअरीत सकाळी किटली घेऊन गेलं की प्रत्येकाच्या दुधाची फॅट वेगळी लागते आणि दूध मोठ्या टाकीत मिसळायच्या आधी त्याची नोंद होते. पाणी घालून लिटर वाढवण्यात अर्थ उरत नाही. एकच माणूस सकाळी फॅटवर पैसे घेतो आणि संध्याकाळी उसाच्या टनावर भांडतो. स्वभाव बदलत नाही, मापाची जागा बदलते. दुधात आधी माप आणि मग मिसळ. उसात आधी मिसळ आणि मग माप.

ऑस्ट्रेलियात उसातली साखर शेतकऱ्यागणिक मोजून दर देतात. तिथं शेतं मोठी आहेत. आपल्याकडं अर्ध्या एकराचा फड आणि दोन-तीन टनांची बैलगाडी. प्रत्येक गाडीचा नमुना काढायचा म्हणजे खर्च आणि वेळ. आणि जिथं साध्या वजनकाट्यावरही लोकांचा विश्वास नाही, तिथं कारखान्याच्याच प्रयोगशाळेनं सांगितलेला उतारा कोण मानणार? मोजणं हे नुसतं यंत्राचं काम नाही, मोजणाऱ्यावर भरवसा लागतो.

सरकारनं ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ केलं. त्याचा निधी कसा उभारायचा ठरलं माहितीये? कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये. कल्याणसुद्धा टनावरच. निधी जमवायला ते सोपं आहे, माझी तक्रार नाही. पण उद्या विमा, दवाखाना, बाळंतपणाची सुट्टी हे द्यायचं तर आधी 'कोयता' मोडून दोन माणसं मोजावी लागतील. बाईच्या नावावर हजेरी, बाईच्या खात्यावर मजुरी, आणि आजारपणाच्या दिवसाला कपात नाही. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात मी हेच तपासतोय. मजुरी दोघांच्या नावानं वेगवेगळी नोंदली, तर खाडे, उचलीची बाकी आणि दवाखान्याचा खर्च यांत काही फरक पडतो का? उत्तर अजून हातात नाही. आकडे आले की इथं लिहीनच.

तोवर एवढंच करा. पुढच्या वेळी उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात की हॉर्न वाजवायच्या आधी वर बघा. बऱ्याचदा मोळ्यांवर कुणीतरी चादर गुंडाळून झोपलेलं असतं. पहाटेच्या तोडीला जायच्या आधीची तेवढीच झोप.